दशावतारी मंडळ, वडिलांचं मानधन आणि दिल्लीचे पाच लाख

प्रश्न विचारणारे ३४ वर्षांचे आहेत, सिंधुदुर्गातले. आजोबांनी काढलेलं दशावतारी मंडळ (कोकणातल्या जत्रांत रात्रभर पौराणिक नाटक करणारं) आता त्यांचे वडील काकांच्या सोबतीने चालवतात. वडिलांचं वय ५८, पस्तीस वर्षं स्त्रीपार्ट, म्हणजे बायकांच्या भूमिका, करत आले. मंडळाची नोंदणी कुठेही नाही. एक गृहस्थ म्हणतात, ‘दिल्लीहून पाच लाखांचं अनुदान काढून देतो, वीस टक्के माझे.’ त्यासाठी त्यांना वडिलांचं आधार, पासबुकाची प्रत आणि सही केलेला कोरा चेक हवा आहे. असं अनुदान खरंच असतं का, आणि आमच्यासारख्यांना नेमकं काय मिळू शकतं, असा प्रश्न आहे.

अनुदान असतं. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ‘कला संस्कृती विकास योजना’ आहे. तिच्यात कार्यक्रम आणि निर्मितीसाठी संस्थांना साधारण पाच लाखांपर्यंत मदत मिळू शकते, अपवाद म्हणून त्याहून जास्तही. म्हणजे त्या गृहस्थांनी आकडा हवेतून काढलेला नाही. पण हे पैसे नोंदणीकृत संस्थेला मिळतात, आणि तुमच्या मंडळाची नोंदणीच नाही. मग अर्ज कोणाच्या नावाने जाणार? एक तर तो जाणारच नाही आणि तुमच्याकडून ‘खर्चापाण्याला’ पैसे उकळले जातील. नाहीतर दुसऱ्याच कुठल्यातरी संस्थेच्या नावाने जाईल, तुमच्या मंडळाचे फोटो लावून. दुसरा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. एका मंडळाच्या मालकाला आपल्या नावावर अनुदान उचललं गेल्याचं दोन वर्षांनी कळलं, तेही चौकशीचं पत्र घरी आलं तेव्हा.

मी मूळचा पखवाजवाला. शाळेत कारकुनी करत होतो म्हणून मंडळातलं कागदाचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं, आणि मग शेजारच्या मंडळांचंही. अठरा-एकोणीस वर्षं हे अर्ज भरतोय. या काळात एक गोष्ट पुन्हापुन्हा पाहिली: लोक ‘अनुदान’ या एका शब्दात चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात. वडिलांना म्हातारपणी मिळणारं मानधन वेगळं, तुम्हाला एखाद्या कामासाठी मिळणारी अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) वेगळी, मंडळाला मिळणारं अनुदान वेगळं आणि पुरस्कार तर त्याहून वेगळा. चारही ठिकाणी अर्जदार निराळा, पुरावे निराळे. तुमच्या प्रश्नात हे सगळं एकत्र झालंय, म्हणून मी ते सुटं करून सांगतो.

वडिलांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात लवकर हाती येण्यासारखं तेच आहे. महाराष्ट्र सरकारची ‘राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना’ आहे. जुने लोक तिला नुसतं ‘वृद्ध कलावंत मानधन’ म्हणतात. पूर्वी अ, ब, क अशा श्रेण्या होत्या आणि प्रत्येकीची रक्कम वेगळी. २०२४ पासून सरसकट महिन्याला ५,००० रुपये झाले. वयाची अट ५० पूर्ण, म्हणजे वडील आठ वर्षांपूर्वीच पात्र झाले होते. उत्पन्नाची मर्यादा आहे, त्यासाठी तहसीलदाराचा दाखला लागतो. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १०० जणांचीच निवड होते. आपल्या जिल्ह्यात दशावतारी, भजनी बुवा, कीर्तनकार, चित्रं दाखवत कथा सांगणारे चित्रकथीवाले सगळे एकाच रांगेत उभे असतात. तेव्हा पहिल्या वर्षी नाव आलं नाही तर रागावून अर्ज सोडून देऊ नका.

इथे खरी अडचण पुराव्याची येते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तिकीट लावून नाटक होतं, त्यामुळे तिकीटविक्रीचा काहीतरी हिशेब मागे उरतो. आपला दशावतार देवळासमोर होतो, पैसे देवस्थान किंवा गाव देतं आणि बघायला येणाऱ्याला तिकीट नसतं. रात्रभर नाटक झालं, पहाटे दहीकाला झाला, सामानाचा पेटारा टेम्पोत चढला की त्या रात्रीचा कागदावर काहीच मागमूस राहत नाही. पस्तीस वर्षं अशी गेली की माणूस गावोगाव ओळखीचा असतो, पण समितीसमोर मात्र त्याची पाटी कोरी.

यावर आम्ही काय करतो ते सांगतो. ज्या देवस्थानांच्या जत्रेला तुमचं मंडळ वर्षानुवर्षं जातं, त्यांच्याकडून पत्रं घ्यायची. पण ‘हे उत्तम कलावंत आहेत’ अशा मजकुराची घेऊ नका, तसल्या पत्रांचे गठ्ठे प्रत्येक अर्जाला असतात. पत्रात साल, जत्रा, आख्यान (त्या रात्री केलेली पौराणिक कथा) आणि वडिलांनी केलेली भूमिका येऊ द्या. अशी पाच-सहा पत्रं वेगवेगळ्या दशकांतली मिळाली तर बरीच वर्षं भरून निघतात. जुनी हँडबिलं बहुतेक घरी नसतातच. ती देवळाच्या कपाटात, गावातल्या एखाद्या हौशी माणसाच्या ट्रंकेत किंवा छापखान्याच्या फायलीत सापडतात. वर्तमानपत्रातलं कात्रण असेल तर तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव दिसेल असं कापा. अर्धी कात्रणं तारखेशिवाय येतात आणि निम्मी किंमत घालवून बसतात.

आणि नाव. हँडबिलावर वडिलांचं नाव काय छापतात? आपल्याकडे नटाला गावाच्या नावाने, टोपणनावाने, कधी नुसतं ‘बाबी’, ‘आबा’ असं ओळखतात. आधारवर भलतंच पूर्ण नाव असतं. मी एका जिल्हास्तरीय निवडीच्या वेळी मदतीला बसलो होतो, तेव्हा एका नामांकित नटाचा अर्ज याच कारणाने बाजूला पडला होता. कात्रणांत एक नाव, आधारवर दुसरं, आणि दोन्ही एकच माणूस आहे हे सांगणारा कागद नाही. प्रतिज्ञापत्र करा, त्यात दोन्ही नावं लिहा, ग्रामपंचायतीचा दाखला जोडा. एका दिवसाचं काम आहे.

केंद्राचीही वयोवृद्ध कलावंतांसाठी मदत आहे, वय ६० च्या पुढे, महिन्याला कमाल ६,०००. तिचा विचार दोन वर्षांनी करा, आणि दोन्हीकडून पूर्ण रक्कम मिळेल असं आत्ताच धरून चालू नका.

आता तुमचं. ३४ हे वय सोयीचं आहे. संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २५ ते ४० वयासाठी असते: महिन्याला १०,००० रुपये, दोन वर्षं, दर सहामाहीला एक असे चार हप्ते. चाळिशीनंतर वरिष्ठ, तिचे महिन्याला २०,०००. काम सीसीआरटी, म्हणजे मंत्रालयाची ‘सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र’ ही संस्था, पाहते. बाकीच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा, मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका. मंडळात १८ ते २५ वयाची पोरं असतील तर त्यांच्यासाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे, महिन्याला ५,००० ची, दोन वर्षांसाठी.

अधिछात्रवृत्तीला विषय मांडावा लागतो आणि तिथेच आपली माणसं घसरतात. ‘दशावतार कलेचे जतन व संवर्धन’ हा विषय लिहिलेले अर्ज मी इतके पाहिलेत की आता तो वाचला की जांभई येते. वाचणाऱ्यालाही येत असणार. संवर्धन म्हणजे काय करणार? तुम्ही घरातले आहात, तुमच्याकडे बाहेरच्या अभ्यासकाला न मिळणाऱ्या गोष्टी आहेत. वडील स्त्रीपार्ट करतात ना? मग लुगडं नेसण्याची पद्धत, चाल, आवाज, रंगभूषा आजोबांच्या काळापासून आजपर्यंत कशी बदलली, हा विषय घ्या. सहा जुन्या स्त्रीपार्टींच्या मुलाखती, प्रत्येकाची रंगभूषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रित, असं काम ठरवा. किंवा आडदशावतार घ्या. गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासूर हा सुरुवातीचा भाग जत्रेतल्या वेळेच्या घाईत अनेक ठिकाणी आखडता होत चाललाय. तो पूर्ण येणारे किती जण उरलेत, हे शोधायला दोन वर्षं पुरतील आणि त्यानंतर दाखवायला काहीतरी हातात असेल. विषय इतका लहान हवा की तो तुम्हीच करू शकता हे वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदात कळावं.

सरकारबाहेरही दारं आहेत, ती फारशी कोणी ठोठावत नाही. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९३ ला सुरू झाली. कलेवरचं संशोधन आणि प्रत्यक्ष कला या दोन्हींसाठी ते अनुदान देतात आणि भारतीय भाषांतले प्रस्तावही घेतात. म्हणजे मराठीत लिहा, इंग्रजीवाला शोधत बसू नका. इंग्रजीच्या भीतीनेच तर असले वीस टक्केवाले पोसले जातात.

मंडळाच्या बाबतीत मात्र सरळ उत्तर देता येत नाही, ते तुमच्या घरावर अवलंबून आहे. नोंदणी करायची म्हणजे आपल्याकडे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, धर्मादाय कार्यालयात. किमान सात सभासद, घटना, ठराव, पॅन, संस्थेच्या नावाचं बँक खातं, मग ‘एनजीओ दर्पण’ या सरकारी संकेतस्थळावर नोंद. एवढं झाल्यावर दरवर्षी ऑडिट. पदाधिकारी बदलला तर ९० दिवसांत बदल अहवाल. केंद्राच्या योजनांना आधीच्या काही वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब लागतात, तेव्हा आज नोंदणी केली तरी उद्या पाच लाख येत नाहीत.

हे सगळं जमण्यासारखं आहे. पण आपलं दशावतारी मंडळ असतं मालकाचं. पेटारा, पडदे, टेम्पो, नटांना दिलेली उचल, सगळं मालकाच्या खिशातलं. नोंदणी झाली की ते विश्वस्त संस्थेचं होतं आणि मालक हा सातांतला एक. वडील आणि काका यांच्यात आज जे गोडीगुलाबीने चाललंय ते उद्या इतिवृत्ताच्या वहीत भांडण होऊन उतरतं. एका घरात हे झालेलं मी पाहिलं, दोन भावांनी पुढे दोन मंडळं काढली आणि नोंदणीकृत संस्था तिसऱ्याच्या हातात राहिली. म्हणून मी बहुतेकांना सांगतो: चालतं मंडळ अनुदानासाठी संस्थेत घालू नका. शिकवण्याचं काम करणारी वेगळी, लहान संस्था काढा, तिच्यात गावातली भरवशाची माणसं घ्या. मुलांना पखवाज, पायपेटी, पदं आणि मांडावर (रंगमंचावर) उभं राहणं शिकवा. केंद्राच्या गुरू-शिष्य योजनेत गुरूला महिन्याला १५,००० आणि शिष्यांना वयानुसार २,००० ते १०,००० मिळतात. ती योजना अशा संस्थेच्या स्वभावाला जुळते, आणि तुमचे वडील तिथे गुरू म्हणून उभे राहू शकतात. विभागीय सांस्कृतिक केंद्रंही गुरू-शिष्य परंपरेचं काम करतात. महाराष्ट्र उदयपूर आणि नागपूर अशा दोन्ही केंद्रांमध्ये येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. राज्याकडूनही तमाशा, दशावतार, खडी गंमत, शाहिरी अशा मंडळांसाठी भांडवली आणि प्रयोगाचं अनुदान असतं. त्याची जाहिरात सांस्कृतिक कार्य संचालनालय काढतं, तिच्यावर लक्ष ठेवा.

अर्ज भरताना एक गंमत हमखास होते. ‘संहितेची प्रत जोडावी.’ आपल्याकडे संहिता कुठली? रंगपटात, म्हणजे नट रंगतात तिथे, आख्यान ठरतं, जाणता नट प्रवेशांचा क्रम सांगतो आणि संवाद मांडावर गेल्यावर सुचतात. सुरुवातीला मी त्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहायचो आणि अर्ज अपूर्ण म्हणून परत यायचा. नंतर एका मंडळाने कोणाकडून तरी पूर्ण नाटक लिहून घेऊन जोडलं. ते मंजूरही झालं, पण पुढे प्रयोग बघायला आलेल्या तज्ज्ञांनी संहिता हातात धरली आणि मांडावर तिच्यातलं एक वाक्य येईना. आता आम्ही आख्यानाची गोष्ट दोन पानांत, प्रवेशांचा क्रम आणि पात्रं देतो, आणि संवाद उत्स्फूर्त असतात हेच या नाट्यप्रकाराचं वैशिष्ट्य आहे, असं एका परिच्छेदात लिहितो. सोबत अखंड चित्रित केलेला अर्धा तास. लग्नाच्या व्हिडिओसारखा गाणी टाकून कापलेला नको, मोबाईल तिवईवर ठेवून एका जागेवरून घेतलेला चालतो.

पैसे कधी येतात, यावर थोडं जास्त बोलतो, कारण मी स्वतः यात भाजलोय. अनुदान एकरकमी येत नाही. शेवटचा हप्ता काम झाल्यावर, हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) दिल्यावर येतो, आणि ‘दिल्यावर’ म्हणजे लगेच नव्हे. आमच्या मंडळाने एकदा मंजुरीचं पत्र दाखवून नवे पडदे आणि पोशाख उधारीवर शिवून घेतले. पहिला हप्ता उशिरा आला. खर्चाच्या पावत्यांत शिंप्याची साधी चिठ्ठी होती, त्यावर ना पत्ता ना सही. हिशेब तपासणाऱ्याने ती रक्कम धरली नाही. उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीत गेलं नाही आणि शेवटचा हप्ता बुडाला. शिंप्याचे पैसे आम्ही पुढच्या दोन हंगामांच्या सुपाऱ्यांतून फेडले. चूक कार्यालयाची नव्हती, माझी होती. तेव्हापासून मंडळात कोणी मंजुरीपत्र नाचवत आलं की मी विचारतो, ‘हे पैसे आलेच नाहीत तर हा खर्च झेपेल का?’ नाही म्हणाले तर खर्च थांबवतो. नटांची नाईट (एका रात्रीचं मानधन) तर अनुदानाच्या भरवशावर कधीच ठेवू नका.

पुरस्कारांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ते गृहस्थ पुढच्या भेटीत तेही काढतील म्हणून सांगतो. पद्म पुरस्काराबरोबर रोख रक्कम नसते. त्याचं नामांकन सरकारी संकेतस्थळावर कोणालाही करता येतं, स्वतःचंही, आणि त्याला फी नाही. संगीत नाटक अकादमीच्या पुरस्काराचे एक लाख रुपये, आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या कलावंतांसाठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्काराचे २५,०००. तो तुमच्या वयात बसतो, तुम्ही स्वतः मांडावर उभे राहत असाल तर. ज्या पुरस्कारासाठी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘स्मरणिकेत जाहिरात’ मागतात, तो पुरस्कार तुम्ही विकत घेताय. भिंतीवर लावायला हरकत नाही, अर्जाला जोडू नका. समितीतल्या लोकांना ती नावं पाठ असतात.

तुमच्याच जिल्ह्यात पिंगुळीला परशुराम गंगावणे आहेत. ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीसाठी त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्याच्या कितीतरी आधी त्यांनी गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं होतं, बाहुल्या आणि पोथ्या नीट मांडून ठेवल्या होत्या. एकदा जाऊन बघा. बघताना पद्मश्रीच्या फोटोपेक्षा, कुठली वस्तू कोणाकडून आली हे त्यांनी कसं जपून ठेवलंय ते विचारा. गडचिरोलीचे परशुराम खुणे, झाडीपट्टीतले, त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रयोगांचा आकडा पाच हजारांच्या वर सांगितला जातो. तुमच्या वडिलांचा आकडा किती? पस्तीस हंगामांत तो लहान नसणार, पण आज विचारलं तर घरात कोणाला सांगता येणार नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. या महिन्यात वडिलांचं प्रतिज्ञापत्र आणि उत्पन्नाचा दाखला. हंगाम सुरू व्हायच्या आत देवस्थानांची पत्रं, कारण कार्तिकातल्या जत्रा लागल्या की तुम्हालाही वेळ नसतो आणि त्यांनाही. तुमच्या अधिछात्रवृत्तीचा विषय दोन पानांत लिहून काढा आणि नाटकाशी संबंध नसलेल्या एखाद्याला वाचायला द्या. त्याला कळला तर पुढे जा. संस्थेचा निर्णय काकांना समोर बसवून, घाई न करता. आणि टेम्पोत एक वही ठेवा. प्रत्येक रात्री तारीख, गाव, देवस्थान, आख्यान, कोणी काय केलं, किती मिळाले, आणि खाली देवस्थानच्या माणसाची सही. पेटारा चढवणाऱ्या पोराकडे हे काम दिलंत तर होईल, नटांकडे दिलंत तर होणार नाही. नट पहाटे झोपलेले असतात.

त्या गृहस्थांना आधारची प्रत आधीच दिली असेल तर त्याने फार बिघडत नाही. पण कोरा चेक दिला असेल तर आजच बँकेत जाऊन त्या नंबरचा चेक थांबवा, मग त्यांना फोन करा. आधी फोन करू नका.